भिवाचा पुढचा दात

भिवा लालबागला शामरावमास्तरांच्या बँडात क्लॅरोनेट वाजवायचा. छप्पन सालच्या जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्रासाठी परळ पेटलं होतं तेव्हा, तो तालमीहून घरी येत होता. नाक्यावर लाठीमार सुरू झाला, माणसं पळत सुटली, त्यांच्यात तोही पळाला. एक लाठी तोंडावर बसली. वरचा पुढचा दात गेला, शेजारचे दोन हलायला लागले.

जखम भरल्यावर त्याची बायको चंपा त्याला दादरच्या अच्युत डॉक्टरांकडे घेऊन गेली. मोकळ्या जागेतून फुंक निसटत होती. क्लॅरोनेट टेकवायला वर आधारच उरला नव्हता.

“दोन उपाय आहेत,” डॉक्टर म्हणाले. “एक, काढता-घालता येणारा दात. दुसरा, ब्रिज. शेजारचे दोन्ही दात घासून त्यांच्या आधारानं मधला पक्का बसवायचा. पण तुमचे ते दात अजून डुगडुगतायत. पावसाळ्यापर्यंत थांबू. तोवर काढता दात वापरा.”

“फुंकताना तो हलंल का?”

“हलेल.”

“मग काय उपयोग? लग्नसराई तोंडावर आलीय. मास्तर माझ्यासाठी किती थांबणार?”

“अहो, डॉक्टर सांगतायत ते ऐका की,” चंपा म्हणाली.

“तुला काय कळतंय त्यातलं?” भिवा खेकसला. मग त्यानं डॉक्टरांपुढे हातच जोडले. “पक्काच बसवा. होईल ते माझ्या माथी.”

डॉक्टर शेवटी तयार झाले.

ब्रिज बसला. सूर पूर्वीसारखा भरीव लागत नव्हता, पण लागत होता. घरी आला की भिवा विचारायचा, “आज बरा होता ना?” चंपा वरातीत नसायचीच, तरी हो म्हणायची.

मे महिन्यात हिरडी सुजली. लवंगेच्या तेलाचा बोळा धरून त्यानं वाजवणं चालूच ठेवलं. एका वरातीत, भर रस्त्यात, तोंडात पू आला. तो थांबला. बँड पुढे गेला.

ब्रिजसकट दोन्ही दात काढावे लागले.

“मीच ठाम राहायला हवं होतं,” डॉक्टर म्हणाले.

शामरावमास्तर घरी आले. “झांजा धरशील का?” त्यांनी विचारलं.

“झांजा कुणीही वाजवतं, मास्तर,” भिवा म्हणाला. मास्तरांनी चहा अर्धाच घेतला.

आता कवळीच लावायची होती. डॉक्टरांनी दातांचे नमुने पुढे धरले. “रंग कुठला जुळतो, आरशात बघा.”

भिवानं आरसा घेतला नाही.

“कुठलाही लावा,” तो म्हणाला. “आता नुसतं जेवायचंय.”