रंगा काळेचं म्हणणं

विद्युलता पटवर्धनांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे वेलचेरीतल्या त्यांच्या अख्ख्या अपार्टमेंटला ठाऊक होतं. पण त्या मंगळवारी तुरुंगाच्या ऑफिसात त्या जेवढ्या चिडल्या, तेवढ्या एकतीस वर्षांच्या मास्तरकीतही कधी चिडल्या नव्हत्या. चेन्नईत मुलांना हिंदी शिकवून निवृत्त झालेली ही बाई. तमिळ पाण्यासारखं येतं, म्हणून आरोपी मराठी असला की कोर्ट त्यांना दुभाषी म्हणून बोलवायचं.

या वेळी त्यांना घेऊन आला होता कार्तिकेय, गरिबांचे खटले फुकट लढवणारा तंजावरी मराठी वकील. रंगा काळेची फाशी कायम करायची की नाही, ते वरचं कोर्ट सोमवारी ऐकणार होतं. त्याआधी त्यांनी तुरुंगाकडून रंगाच्या वागणुकीचा अहवाल मागवला होता. जेलर तो तमिळमध्ये वाचून दाखवत होता.

"पोंगलच्या दिवशी स्वयंपाकघरात उकळतं तेल उडवून हल्ल्याचा प्रयत्न. जमात गुन्हेगार. सुधारण्याची शक्यता नाही."

"हल्ला कुणावर?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, असं लिहायची पद्धत असते."

"कुणावर? एक नाव सांगा."

जेलरने पान उलटलं. नाव नव्हतं.

"आणि गुन्हेगार जमात कुठल्या कायद्यात आहे? तो कायदा इंग्रजांचा होता. तो जाऊन सत्तर वर्षं झाली."

"आधीच्या कागदात होतं, ते उतरवलं," जेलर म्हणाला. त्याला त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं.

आधीच्या कागदात! सगळी केसच आधीच्या कागदांवर उभी होती. वेलचेरीत एका म्हाताऱ्याचा त्याच्या फ्लॅटमध्ये खून झाला. स्टेशनच्या पुलाखाली प्लॅस्टिकची खेळणी विकणाऱ्या पारध्यांची चार बिऱ्हाडं होती. पोलिसांनी त्यातल्या रंगाला उचललं, दुसऱ्या कुणाला विचारायचीसुद्धा तसदी घेतली नाही. रंगाजवळ सापडलं काय, तर एक टॉर्च आणि जात. चाकू म्हणे त्यानेच गटारातून काढून दिला, तेही पोलीस गटाराशी आधीच उभे असताना. अपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये मात्र सगळे सुटकेचा नि:श्वास टाकून मोकळे झाले होते. तेव्हा आपणही गप्प बसलो होतो, हे बाईंना आठवलं आणि त्या आणखी चिडल्या.

मग रंगाला आणलं. तिशीचा, काटकुळा माणूस. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला, कातडी गुलाबी आणि ताणलेली, दोन बोटं एकमेकांना चिकटलेली. खालच्या कोर्टात आपली दुभाषी असलेल्या बाईंना त्याने ओळखलं आणि डाव्या हाताने नमस्कार केला.

"काय केलंस हे, रंगा?"

"कढईत बटन टाकलं शर्टाचं, अन काढलं. वडे तळत हुते, तवा."

कार्तिकेय कोड्यात पडला. "अक्का, बटण कशाला?"

बाईंना कळलं होतं.

"आमच्यात आळ आला की पंचांम्होरं उकळत्या तेलातनं नाणं काढत्यात," रंगा कार्तिकेयला समजावू लागला. "हितं नाणं कुठलं? म्हून बटन. समद्यांनी बघितलं. खोटा मानूस तेलात हात घालतच न्हाय, साहेब. म्या कोर्टातबी सांगितलं हुतं, कढई आना, समद्यांदेखत काढतो. जजसाहेबांनी नगं म्हनलं. म्हून हितं केलं."

जजसाहेबांनी नको म्हटलं नव्हतं. जजसाहेबांना ते कुणी सांगितलंच नव्हतं.

शिक्षा देण्याआधी न्यायाधीशांनी विचारलं होतं, तुला काही म्हणायचं आहे का. रंगा बराच वेळ बोलला होता. कढई, तेल, नाणं, पंच. विद्युलताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. भरल्या कोर्टात, तमिळ वकिलांसमोर, आपल्याकडचा माणूस असलं काहीतरी बोलतो! काय म्हणतील हे लोक आपल्याला? त्यांनी पदर सावरला आणि तमिळमध्ये सांगितलं, "त्याला काही म्हणायचं नाही." त्याच्या भल्यासाठीच केलं, अशी त्यांनी घरी जाऊन मनाची समजूत घातली. निकालात मात्र तेच वाक्य आलं. काही म्हणायचं नाही, पश्चात्ताप नाही, म्हणून फाशी.

उकळतं तेल खरं-खोटं ओळखत नाही, ते सगळ्यांना सारखंच भाजतं, हे बाईंना कळत होतं. रंगाने खून केला की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पण चारचौघांत एका मास्तरणीला लाज वाटली, एवढ्यावर माणूस फासावर जात असेल, तर ती फाशी हवीच कशाला? गुन्हेगाराच्यासुद्धा गळ्यात ती का पडावी? जन्मठेपेतून चूक दुरुस्त करून माणूस परत आणता येतो. दोरीवरून कोण परत आणणार? आणि हा जेलर, ते पोलीस, ती अपार्टमेंटमधली मंडळी, सगळ्यांवर तासभर तोंड सोडणारी ही पटवर्धनबाई, हिने त्यांच्यापेक्षा वेगळं काय केलं होतं?

"रंगा," त्या म्हणाल्या, "तुझं म्हणणं मी जजसाहेबांना सांगितलंच नाही. मला लाज वाटली. मी सांगितलं, तुला काही म्हणायचं नाही."

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पण त्याचा चेहरा उजळला.

"म्हंजी त्यास्नी अजून ठावंच न्हाय?" तो म्हणाला. "मंग सांगा की, बाई. आनखी एक हात हाय माझा."

बाई उठल्या, जेलरच्या टेबलावरून न विचारता कोरा कागद घेतला आणि उभ्याउभ्याच लिहायला लागल्या. कार्तिकेयने वाकून वाचलं. शपथेवर चुकीचं भाषांतर केल्याची कबुली होती, तारीखवार.

"सेरि, बरं अक्का, पण शांतपणे विचार करा," तो हळूच म्हणाला. "हे कोर्टात गेलं तर तुमच्यावरच केस होईल. तुरुंगसुद्धा होऊ शकतो."

"होऊ दे." त्यांनी खाली पूर्ण नाव लिहिलं आणि आडनावाखाली दोनदा रेघ ओढली. "फाशी तर देणार नाहीत ना? हे आडनाव वाचून अजून कुणी कुणाला फासावर चढवलेलं मी तरी ऐकलं नाही."