तिथं पेटंट, इथं सही

मीरा दळवी सातिवलीच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागली, तेव्हा तिथं खोकल्याचं औषध आणि दोन-तीन मलमं बनायची. मालक संग्राम राऊत वसईचाच. कारखान्यात कोणाच्या घरी बारसं असलं तरी हजेरी लावणारा माणूस. एक दिवस त्यानं मीराला केबिनमध्ये बोलावलं आणि एक परदेशी पाकीट तिच्या पुढ्यात ठेवलं. आत तळहाताएवढी पांढरी, मऊ पट्टी होती.

"नागीण बरी झाली तरी काहींची आग वर्षानुवर्षं जात नाही ना? तिथं ही लावायची. बारा तास लावायची, बारा तास काढायची. आतलं औषध जुनंच आहे, दात काढताना जागा बधिर करतात ते. पेटंट आहे ते पट्टीच्या बनावटीवर. आपण वेगळ्या रीतीनं बनवू. अमेरिकेत विकू, इथंही विकू. जमेल?"

मीरा म्हणाली, "बघते." मग त्यानं पुढं केलेल्या कागदावर उभ्याउभ्याच सही केली. इथं जे बनेल ते कंपनीचं, त्यातलं अक्षर बाहेर बोलायचं नाही, नोकरी सोडली तर तीन वर्षं असलं काम कुठंही करायचं नाही. असले कागद सगळीकडंच असतात, कोण वाचत बसतं!

बघता बघता चार वर्षं गेली. औषधाचा प्रश्न नव्हताच, प्रश्न होता चिकटण्याचा. वसईच्या मे महिन्यातल्या घामात पट्टी तासाभरात लोंबायला लागायची. चिकटद्रव्य जास्त घातलं, तर काढताना साल निघायची. चिकटद्रव्याचा थर देणारं मशीन मायकल चालवायचा. वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यातला, अबोल गडी. औषध न घातलेल्या कोऱ्या पट्ट्या तो स्वतःच्या दंडावर लावून दिवसभर मशीनपाशी उभा राहायचा आणि संध्याकाळी दंड मीरापुढं धरायचा. "ही ऱ्हायली मॅडम, पन खाजवते." त्या दंडावर सदा लाल चौकोन उठलेले असत. शेवटी एक मिश्रण टिकलं. त्या दिवशी मायकल घरून सुक्या बोंबलांची चटणी घेऊन आला आणि सगळ्यांनी ती पावाबरोबर खाल्ली.

पट्टीची रुग्णांवर चाचणी मुंबईतल्या एका रुग्णालयात झाली. मायकलच्या आईला, लिलीला, आदल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात नागीण झाली होती. जन्मभर वसईच्या बाजारात मासळी विकलेली बाई, पण उजव्या बरगडीवर ब्लाऊजचं कापड सहन होईना म्हणून घरी बसली होती. पंख्याचा वारासुद्धा तिला चटका दिल्यासारखा लागे. गेरू लावून झाला, नवस बोलून झाले. "नागीन गेली, पन इख ठेवून गेली," ती म्हणायची. डॉक्टरांनी तिला तपासून चाचणीत घेतलं. पहिले काही आठवडे कोणाला खरी पट्टी मिळतेय आणि कोणाला कोरी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढं सगळ्यांनाच खरी मिळत राहिली. तिसऱ्या महिन्यात लिली पुन्हा बाजारात बसली. मीरा मुद्दाम वाट वाकडी करून तिच्याकडं गेली, तर तिनं सुरमईचा तुकडा बळेबळे पिशवीत घातला. "तू बनवलीस ना गं बाय? तुजा हात देवानं भरावा."

इतकी सुखाची शाबासकी मीराला आजवर कोणी दिली नव्हती.

पण अमेरिकेत पट्टी विकायची परवानगी मागताच तिथल्या मूळ कंपनीनं खटला भरला. दीड वर्ष कागद येत-जात राहिले. दोन हजार तीनच्या मार्चमध्ये संग्रामनं मीराला पुन्हा बोलावलं. तो दमलेला दिसत होता.

"मिटवलं," तो म्हणाला. "दोन हजार दहा संपेपर्यंत आपण पट्टी बनवायची नाही. बदल्यात त्यांची दुसरी औषधं आपण इथं विकायची."

"अमेरिकेत नाही बनवायची ना? भारतात तर त्यांचं पेटंटच नाही."

"तिथं पेटंट आहे, इथं माझी सही आहे. करारात लिहिलंय, जगात कुठंही नाही."

"सर, तुम्ही लढला असता तर..."

"लढलो असतो तर हा कारखाना वर्षभरात बंद पडला असता. सत्तर माणसं आहेत, मॅडम. तुम्हीच सांगा, कोणाकोणाला घरी पाठवू?"

तो नीच असता तर बरं झालं असतं, असं मीराला वाटून गेलं. भांडायला समोर कोणी तरी मिळालं असतं.

"आणि मी?"

"तुम्ही कुठं जाताय? प्रयोगशाळा तुमचीच. पगार वाढवलाय."

पगार वाढला, काम मात्र थांबलं. तिच्या वह्या लोखंडी कपाटात गेल्या आणि किल्ली संग्रामकडं गेली. ती रोज नऊला येई, एसी लावी, खोकल्याच्या औषधाचा रंग तपासून सही करी आणि साडेपाचपर्यंत खिडकीबाहेरचे टेम्पो बघत बसे. दुसरीकडं अर्ज करावा, तर तिला येत होतं तेच काम करायला बंदी होती. नवरा सुधाकर म्हणाला, "बसून पगार मिळतोय, लोक तरसतात." बसणं किती जड असतं, हे ती त्याला कसं सांगणार?

एप्रिलमध्ये मायकल प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला. चाचणीतून आजवर मिळत राहिलेल्या पट्ट्या संपल्या होत्या.

"आई परत घरी बसली, मॅडम. रातभर कण्हते. गोडाऊनमंदी पट्ट्या हायेत ना?"

कामणच्या गोदामात तीन हजार सहाशे पट्ट्या सीलबंद पडल्या होत्या. मीरा तडक संग्रामकडं गेली. त्यानं डोक्याला हात लावला. "एक जरी कमी भरली तर करार मोडला म्हणून ते पुन्हा कोर्टात जातील. पुढच्या आठवड्यात त्या नष्ट करायच्यात. नष्ट केल्याच्या दाखल्यावर सही तुमची लागेल. बनवणाऱ्याचीच हवी, असं त्यांचं म्हणणं आहे."

ठरल्या दिवशी पट्ट्यांचे खोके सातिवलीला आले. पट्ट्या कापायच्या मशीनवर मायकललाच उभं केलं होतं. दुसऱ्या कोणाला ते चालवता येत नव्हतं. खोलीत दोघंच होते. मायकल पाकिटं फोडी, मोजी, पट्ट्या पात्यांखाली सारी. मीरा आकडे लिहीत होती. शेवटचा खोका उरल्यावर तिनं पेन खाली ठेवलं.

"मायकल, मी जरा खिडकीशी उभी राहते," ती म्हणाली. "दहा मिनिटं तिकडंच बघणार आहे."

ती पाठ करून उभी राहिली. बाहेर एक टेम्पो मागं घेताना भिंतीला घासला, त्यावरून दोघं भांडत होते. तिनं ते सगळं भांडण ऐकलं. मागं मशीनचा आवाज एकदाही थांबला नाही.

ती वळली, तेव्हा मायकलनं त्या खोक्यातली शेवटची पट्टी पात्यांखाली सारली होती.

"घेतल्या का?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. "आईनं सकाळीच सांगितलं. बोलली, कागदाखाली त्या बायची सही असंल, कायबी आनू नको."

मीरानं सही केली. अक्षर इतकं वाकडं आलं की तिलाच ते आपलं वाटेना.

रविवारी ती पाचूबंदरला गेली. जाताना डॉक्टरांना विचारून औषधाच्या दुकानातून बधिर करणाऱ्या साध्या मलमाच्या दोन ट्यूब घेतल्या. औषध तेच होतं, त्यावर कोणाचीच मालकी उरली नव्हती. ते बारा तास अंगावर टिकवून ठेवणारी पट्टी तेवढी कुलपात होती. लिली ओटीवर बसली होती, उजवी बाजू उघडी ठेवून नुसतं लुगडं सैल पांघरलेलं. मीरानं हलक्या बोटानं मलम लावलं. सुरुवातीला लिलीनं दात आवळले, मग हळूहळू तिचे खांदे सैल झाले.

"बरं वाटतं. पन टिकंल का?"

"तास-दोन तास. कपड्याला पुसलं जातं. डॉक्टर म्हणालेत, दिवसातून तीनदाच लावायचं, जास्त नाही."

"मग ती पट्टी कदी येल?"

आत मायकल चहा करत होता, त्याच्या हातातली भांडी वाजायची थांबली. मीराला कराराचा कागद ओळीनं पाठ होता. काय मिटलं, किती वर्षांसाठी मिटलं, यातला शब्दही बाहेर काढायला तिला बंदी होती. कारखान्यातही ते तिघा-चौघांनाच ठाऊक होतं. 'लवकरच' म्हणून वेळ मारून नेता आली असती.

"मावशी, ती तयार आहे," ती म्हणाली. "मी केलेली, चांगली आहे ती. पण परदेशातल्या कंपनीशी आमच्या मालकांनी लिहून दिलंय. आणखी सात वर्षं ती कोणाला मिळणार नाही. मी बनवूही शकत नाही, दुसरीकडं जाऊन बनवायलाही मला बंदी आहे. हे तुम्हाला सांगायलासुद्धा बंदी आहे."

लिलीनं बोटांची पेरं मोजली.

"सात वरसं," ती म्हणाली. "मी तवर सत्तरीला येन." मग तिनं मीराच्या मलम लागलेल्या बोटांकडं पाहिलं. "आनि तू गं? तू सात वरसं तितं काय करशील?"

हे मीराला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. मायकलनं चहा आणून दोघींच्या मध्ये ठेवला. चहा निवला, वर साय धरली, तरी लिली उत्तरासाठी थांबून होती.