मागे फिरणारा प्रकाश

जेवायला जाताना तिने नेहमीप्रमाणे किरणाच्या वाटेत भट्टीची वीट ठेवली, आणि सहज विटेच्या अलीकडच्या, लेझरची शक्ती मोजणाऱ्या मीटरकडे नजर गेली. सकाळभर नाचणारा काटा गप्प उभा होता.

तिने वीट काढली. काटा थरथरायला लागला. पुन्हा ठेवली. थांबला. भूक कुठल्या कुठे पळाली.

प्रयोग दोघांचा होता, तिचा आणि प्रयोगशाळेतले जुने सहकारी असलेल्या दादांचा. टेबलाच्या एका टोकाला दादांचा कार्बन डायऑक्साइड लेझर. त्याचा डोळ्यांना न दिसणारा उष्ण किरण आरशातल्या बारीक छिद्रातून तिच्या लांब काचेच्या नळीत शिरायचा. नळीत मेथॅनॉलची विरळ वाफ. मेथॅनॉलचे रेणू नेमक्या एकाच तरंगलांबीचा किरण शोषतात आणि त्याच्या बदल्यात टेराहर्ट्झ किरण, म्हणजे कितीतरी लांब तरंगलांबीचा अदृश्य प्रकाश, देतात. तरंगलांबी जराशी घसरली की ढिम्म हलत नाहीत. कित्येक महिने हा टेराहर्ट्झ किरण क्षणभर यायचा आणि विझायचा. दादांचा लेझर डगमगतो, असं सगळे म्हणत होते. सगळ्यांत मोठ्याने ती.

पण लेझरचा किरण विटेवर अडवला की लेझर स्थिर होता. नळीत सोडला की बिथरत होता. म्हणजे नळीतल्या आरशांवर आपटून काही प्रकाश त्याच छिद्रातून मागे फिरत होता, थेट दादांच्या लेझरमध्ये घुसून त्याला हलवत होता. खोट तिच्या नळीत होती.

तिने स्टँडचे स्क्रू सैल केले, नळी केसभर तिरकी केली, किरण पुन्हा जुळवला. पडद्यावरची टेराहर्ट्झ किरणाची रेघ वर चढली आणि तिथेच राहिली. या रेघेसाठी तिने इतके दिवस जिवाचं रान केलं होतं. आता तिचे कान तापले होते.

कालच्या मीटिंगमध्ये दादा म्हणाले होते, "मी तपासतो तेव्हा लेझर अगदी स्थिर असतो हो."

त्यावर ती म्हणाली होती, "दादांकडे शहाणं बाळ असतो. माझ्याकडे आला की थयथयाट!"

सगळे खो खो हसले. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी तिथल्या तिथे लेझरची जबाबदारी दुसऱ्याकडे दिली आणि दादांना दुरुस्ती विभागात धाडलं. उत्तर तिच्याच तोंडून बाहेर पडलं होतं, विनोद म्हणून.

ती सरांच्या खोलीत गेली.

"टिकला? सुटलीस एकदाची!" सर म्हणाले.

"सर, दोष माझ्या नळीचा होता. दादांचा लेझर ठीक होता."

"बरं, मग? काम झालं ना? आता कशाला उकरून काढतेस? दुरुस्तीला माणूस हवाच होता."

तिला हायसं वाटलं. आणि जिन्यावरून उतरताना, हायसं वाटल्याचीच सर्वांत जास्त लाज वाटली.

ती दादा-वहिनींच्याच घरी, वरच्या खोलीत भाड्याने राहायची. जेवण खाली, त्यांच्यासोबत; त्या रात्रीही.

"ये गं, बस," वहिनी म्हणाल्या. "आणि यांना जरा हसव. कालपासून तोंड पाडून बसलेत. तू होतीस ना मीटिंगला? यांच्या बाजूने कुणीच बोललं नाही का?"

"अगं, तिला जेवू तरी दे," दादा म्हणाले.

तिने हातातला घास ताटात ठेवला. "दादा, नळीतून प्रकाश मागे येत होता. आज ती तिरकी केली. किरण टिकला."

"टिकला? किती वेळ?"

"मी बंद करेपर्यंत."

दादांचा चेहरा उजळला. "म्हणजे मी वेडा नव्हतो तर! ऐकलंस का गं?" ते वहिनींना म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "पण सापडलं कसं?"

"वीट ठेवली की काटा थांबतो."

दादा हसता हसता थांबले. "वीट तर तू रोज ठेवतेस."

हो, पण लक्ष आजच गेलं, एवढं म्हणणं सोपं होतं.

"गेल्या आठवड्यातच दिसलं होतं," ती म्हणाली. "मीटर अडकला असेल, असं स्वतःला समजावलं. खरं तर मला बघायचंच नव्हतं. नळी चुकली असती तर सगळं माझ्यावर आलं असतं."

दादांनी अर्धं ताट तसंच उचललं आणि मोरीपाशी पाठमोरे उभे राहिले.

"उद्या हे सगळ्यांसमोर सांगशील?"

"सर म्हणतात, विषय संपला."

"सरांना नाही, तुला विचारतोय."

"सांगेन."

"मी येतो. कालच्याच खुर्चीत बसतो. गेल्या आठवड्याचंही सांगायचं. नुसतं आजचं नाही."

"हो."

ती ताट घेऊन उठायला लागली.

"बस," वहिनी म्हणाल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "अन्न टाकायचं नाही."

ती खाली बसली. दोघंही आतल्या खोलीत निघून गेली. आता कोणत्याही घासाला चव नव्हती, पण तिने ताट संपवलं.