लोंगराखालचा मुद्गल

मी एक जुना मुद्गल आहे. व्यायाम करताना दोन्ही हातांत धरून खांद्याभोवती फिरवतात ना, तो बुडाला जाड आणि मुठीला बारीक असा लाकडी मुद्गल. मित्रांनो, मुद्गल नेहमी जोडीने असतो. मी मात्र एकटा आहे. का, ते सांगायला मला आवडत नाही. तरी सांगतो, कारण खोट माझ्याच मनात होती.

श्रीवर्धनच्या समुद्रकाठी कोळ्यांच्या वस्तीत माझा जन्म झाला. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी विठोबाने नवी होडी बांधायला घेतली. विठोबा तांडेल होता, म्हणजे होडीवरचा मुख्य. काम संपल्यावर अंबाजी सुताराकडे खैराचा एक ओंडका उरला. त्यातून त्याने आम्हा दोघा भावांना घडवले. भावाच्या अंगात एक गाठ होती, माझे अंग स्वच्छ होते. त्यामुळे उजव्या हाताचा मान मला मिळाला आणि तिथूनच मी थोडा चढून गेलो.

विठोबाचा मुलगा गुणाजी तेव्हा सतरा वर्षांचा, नुसता पाप्याचा पितर. तो रोज पडवीत आम्हाला फिरवू लागला. पहिल्या दिवशी फिरवण्याचे दहा हातही झाले नाहीत. तीन-चार वर्षांत शंभर व्हायला लागले. छाती भरली, दंड गोटीबंद झाले. बंदरावर लोक वळून बघत. हे सारे कोणी केले? मी केले! निदान मला तरी तसे वाटे.

पण कौतुक कोणाचे होई? केळ्यांचे! गुणाजीची आई सोनूबाई गावातल्या मार्तंडराव मास्तरांच्या बागेत नारळी-पोफळींसाठी मासळीचे खत पोचवी. बदल्यात केळ्यांचा लोंगर, म्हणजे अख्खा घड, येई आणि तो पडवीच्या वाशाला, बरोबर माझ्या डोक्यावर टांगला जाई. शेजारणींनी गुणाजीच्या दंडांची तारीफ केली की सोनूबाई लोंगराकडे बोट दाखवी. गुणाजी घाम गाळून मला धाडकन खाली ठेवी आणि केळे मात्र अलगद हाताने तोडी. वर साल कुठे टाकी म्हणाल तर माझ्याच डोक्यावर. मला तेलाचा हात वर्षातून एकदा, दसऱ्याला. मी आतल्या आत जळत असे. भाऊ शांतपणे म्हणे, "असू दे रे, सगळं एकाच घरात तर जातंय." मला त्याचाही राग येई.

आता वस्तीतली एक रीत सांगतो. पावसाळाभर होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की त्या पुन्हा पाण्यात लोटायच्या. बाजूंनी सगळे रेटत, पण नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या, किनाऱ्याकडे असलेल्या टोकाला, एकट्याने खांदा द्यायचा. होडी तरंगेपर्यंत तो खांदा सुटता कामा नये. ज्याचा टिकेल तो तांडेल. सुटला तर मान दुसऱ्या घरात जाई.

पंचावन्न सालच्या पावसाळ्यात विठोबाने सांगून टाकले, की आपल्या गुडघ्यात आता जोर नाही, यंदा नाळेला गुणाजी. नाहीतर चुलत घरातला दादू टपून बसलाच होता. पण समुद्र बंद, हाताला काम नाही, त्यामुळे गुणाजीचे पोट सुटले होते. पडवीत बसल्या बसल्या तो फणसाचे गरे आणि केळी एकामागून एक गट्टम करी. बायको केसर हसून म्हणे, की होडीआधी तुम्हालाच लोटायला लागेल.

तेवढ्यात त्याचा मावसभाऊ चंदर मुंबईहून म्हसळ्यामार्गे एस.टी.ने आला. तिकडे तो कुठल्याशा व्यायामशाळेत जाई. त्याच्याजवळ आहाराचे एक पुस्तक होते. गुणाजीच्या पोटावर टिचकी मारून तो म्हणाला, "केळं म्हणजे साखर आणि साखर म्हणजे चरबी. फळं, रताळी, भोपळा, सगळं बंद. मासळी खा, अंडी खा."

गुणाजीने त्याच दिवशी लोंगर उतरवून शेजाऱ्यांना वाटला. भातही मुठीवर आणला. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, माझ्या आयुष्यातला तो सर्वात आनंदाचा दिवस होता. डोक्यावरचा वासा रिकामा झाला होता. आता जे श्रेय मिळेल ते माझे एकट्याचे!

आठ-दहा दिवसांत पोट जरा उतरले. मी फुगलो. मग शंभराचे ऐंशी हात झाले. ऐंशीचे पन्नास झाले. गुणाजी केसरवर विनाकारण डाफरू लागला. त्याची मूठ घामाने गार पडायची आणि माझ्यावरून घसरायची. घरात हे कोणाला कळण्याआधी मला कळले होते, कारण ती मूठ माझ्याभोवती होती. भाऊ म्हणाला, "याला काहीतरी होतंय." मी म्हणालो, "सवय होईल." आम्हा लाकडांचे माणसांना ऐकू जात नाही हे खरे. पण ऐकू गेले असते, तरी मी बोललो नसतो.

पौर्णिमेला बारा दिवस उरले होते. सकाळी चाळीसाव्या हाताला गुणाजीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. उजवी मूठ सैल पडली आणि मी भिरभिरत डाव्या हातातल्या भावावर जाऊन आदळलो. बरोबर गाठीवर. भाऊ उभा चिरला. गुणाजी मटकन खाली बसला.

सोनूबाई धावत आली. तिने त्याच्या तोंडाला गुळाचे पाणी लावले आणि तो सावध झाल्यावर म्हणाली, "भिंत बांधाया दगड मासली देतंय, व्हय. पन गवंडीच उपाशी ठेवलास, तर भिंत उभी कोन करील?"

दुपारी मार्तंडराव आले. त्यांनी चंदरचे पुस्तक चाळले आणि शांतपणे समजावले. केळ्यात, रताळ्यात पिष्ट आणि साखर असते हे खरे, पण कष्ट करणाऱ्या अंगाचे तेच सरपण. ते संपले की शरीर कमावलेल्या मांसालाही हात घालते. पोट उतरवायचे तर टाकळा, पडवळ, दुधी, काकडी पोटभर खावी, त्यांत पिष्ट थोडेच. केळे, रताळे मेहनत झाल्यावर मोजके खावे. वाईट ते बसून खाणे. त्यात फळाचा काय दोष?

चंदर मान खाली घालून ऐकत होता. मीही ऐकत होतो.

संध्याकाळी केसर चुलीपाशी बसली. पावसाने सगळी लाकडे दमट, नुसता धूर. तिने इकडेतिकडे पाहिले आणि चिरलेल्या माझ्या भावाला उचलले. आठ वर्षे घरात राहिलेले, तेल प्यायलेले कोरडे खैराचे लाकूड ते. लगेच पेटले. त्यावर तिने रताळी उकडली. बऱ्याच दिवसांनी गुणाजी पोटभर जेवला आणि जेवता जेवता डोळे पुसू लागला. धूर तर केव्हाच थांबला होता.

पौर्णिमेला त्याने नाळेला खांदा दिला. पोट थोडे होतेच. मध्यावर वाळूत होडी अडली. दादू पुढे सरसावला, पण गुणाजीचा खांदा सुटला नाही. होडी तरंगली. सोनूबाईने बंदरावर सगळ्यांना सांगितले, "रताल्यांनी राखलं माज्या लेकाला."

पुढे होड्यांना इंजिने आली. आता साठ साल उलटले आहे आणि मी पडवीच्या दाराला टेकू म्हणून उभा असतो. वाशाला लोंगर टांगलेला असतो. मुले साली माझ्या डोक्यावर ठेवतात, ठेवू देत. मित्रांनो, आपल्या माणसाच्या ताटातला घास कमी झाल्याचा आनंद कधी मानू नका. आणि घरात जोडीची एखादी वस्तू असेल, तर दोन्हींनाही तेलाचा हात लावत जा.

केळ्यांचा हेवा मी केव्हाच सोडला. पण केसर चूल पेटवते, रताळ्यांचा वास पडवीत येतो, आणि मला माझ्या भावाचा हेवा वाटतो.