चीर न दिलेलं काळीज

मी मेंढीचं काळीज, म्हणजे यकृत, बोलतोय. हो, तेच, जे तुम्ही हळद-मीठ लावून तव्यावर टाकता. नाकं मुरडायची असतील तर आत्ताच मुरडून घ्या, मी मधे थांबणार नाही.

म्हस्कू धनगराच्या कळपातल्या एका कोकराच्या पोटात मी वाढलो. तिथून नारायणगावात, वजीरचाचांच्या मटणाच्या दुकानात. चाचांची एक रीत होती. गिऱ्हाइकाला काळीज देताना त्याला मधोमध लांब चीर द्यायची आणि आत किडे नाहीत, हे उघडून दाखवायचं. चाळीस वर्षं त्यांची इभ्रत त्या चिरेवर उभी होती.

नेमकी तीच चीर तेजस्विनीला नडत होती. ही शेजारच्या खोडद गावची पोरगी प्रयोगशाळेत काम करते. मेंढीच्या काळजातल्या पेशी धुऊन काढायच्या आणि उरलेल्या जाळीत माणसाच्या पेशी रुजवायच्या, हे तिचं काम. पण चाचांकडून नेलेली आधीची तिन्ही काळजं चिरेतून गळली, आत सोडलेलं सगळं वाहून गेलं. चौथं गळलं तर काम बंद, असं प्रयोगशाळेच्या साहेबांनी बजावलं होतं.

तिने चाचांना सांगितलं, चीर देऊ नका. चाचा भडकले.

"चीर दिल्याबिगर मी कुणाला काळीज दिलं न्हाई. आत खराबी निघाली तर तोंड कुठं दाखवू?"

"चाचा, हे खायला नाही. यात मला जीव घालायचाय."

चाचा बराच वेळ सुरी पुसत बसले. मग शीर राखून मला अलगद काढलं आणि अख्खं तिच्या डब्यात ठेवलं.

पुढे साबणाच्या पाण्याने मला दोन दिवस धुतलं. लालभडक होतो, पांढराफटक झालो. साहेब हसले. म्हणे, मेंढीच्या काळजाचं माणसाचं कुठं होतंय? लई राग आला मला. शिरेतून माणसाच्या पेशी सोडल्या, तेव्हा एकेकीला मी घट्ट धरून ठेवलं. थेंबभरही गळलो नाही.

आज बारावा दिवस. माणसाचं काळीज जी प्रथिनं बनवतं, ती मी बनवतोय. तरी साहेबांना पटत नाही. आतल्या पेशी मेल्या असतील, म्हणतात. म्हणून उद्या मला कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघणार आहेत. त्यात मी संपणार, हे तेजस्विनीला ठाऊक आहे. सकाळपासून तिचे डोळे भरलेत.

रडतेस कशाला पोरी? वजीरचाचांनी कधी चीर देताना मान खाली घातली होती का? उद्या साहेबांसमोर मला तसंच ऐटीत उघड. मी आत काही लपवलेलं नाही.