वाकडा टिळा

मित्रांनो, चेन्नईच्या वेशीवरच्या कारखान्यामागे गंजत उभा असलेला पिवळा बुलडोझर, तो मीच. मला एक जुळा भाऊ आहे. आम्ही दोघे तयार झालो आणि लगेच आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमी, आली. आमच्या पट्ट्यांखाली लिंबे ठेवली, समोर कोहळा फोडला. रंगकाम करणाऱ्या सईबाई तंजावरकडच्या मराठी. भाऊ समुद्रापार जाणार, गंध धुऊन जाईल, म्हणून त्यांनी चंदनाऐवजी तांबडा तैलरंग घेतला आणि दोघांच्या कपाळी बोटाने टिळा ओढला. त्यांचे बोट वाकडे, म्हणून टिळाही वाकडा! मला मनातल्या मनात हसू आले होते.

मी इथेच राहिलो. शहरातल्या वेलचेरी भागात पूर आला, तेव्हा गाळ मीच उपसला. लोकांनी मला झेंडूच्या माळा घातल्या. दर वेळी वाटे, आत्ता भाऊ हवा होता! तोही कुठे तरी रस्ते बांधत असेल, अशी मी मनाची समजूत घालत असे.

मग एके दुपारी कचेरीतल्या देविकाताई मोबाईल घेऊन सईबाईंकडे आल्या. मोबाईलच्या पडद्यावर, समुद्रापार युद्ध पेटलेल्या एका देशात, भाऊ सैन्याच्या हुकुमावरून घरे पाडत होता. घरांत माणसे होती. भावाच्या कपाळावर तो टिळा स्पष्ट दिसत होता.

कंपनीला हे ठाऊक होते, तरी त्याच्यासाठी सुटे भाग जातच होते. कारखान्याच्या संजीवसाहेबांनी मात्र कानांवर हात ठेवले. "पिवळे बुलडोझर जगात थोडे आहेत का? तो आपला नाहीच." देविकाताई न्यायालयात गेल्या. दोन्ही टिळे ताडून पाहायला अधिकारी येणार, हे कळताच साहेबांनी सईबाईंच्या हाती पिवळ्या रंगाचा डबा दिला.

सईबाई जवळ आल्या. त्यांनी माझ्या टिळ्यावर तेच वाकडे बोट ठेवले.

"अय्यो! दृष्ट लागूं नये म्हणून मी लाविला, आणि दृष्ट त्या लेकरांच्या घरांस लागली. मी नाही पुसायची, सार."

"नोकरी जाईल, सईबाई," साहेब म्हणाले.

"जाऊं द्या."

डबा खाली ठेवून त्या माझ्या पट्ट्यावर बसल्या. अजून तिथेच आहेत. देविकाताई अधिकाऱ्यांना आणायला गेल्या आहेत.

मित्रांनो, भावाच्या हातून जे घडवले गेले, ते मला सांगवत नाही. तरी त्याची आठवण येतेच. त्याला आपला म्हणायला माझ्याजवळ एवढी एकच खूण आहे. यंत्रांची निगा राखा, असे आत्मकथा सांगणारे माझे सगळे भाईबंद तुम्हांला सांगतात. मला तेलपाणी नसले तरी चालेल. पण कुणी मला धुवायला आलेच, तर त्याला सांगा, कपाळ तेवढे सोडून धुवा.