दाराजवळचं बटण

लतिकाला साप हवा होता, आणि घरात तिच्या बाजूने बोलणारं एकच माणूस होतं: तिचे आजोबा, अण्णा. यवतमाळच्या शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर ते मुलाकडे अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आले, तेव्हा नऊ वर्षांच्या नातीशी बोलणं जमेना. ते मराठीत विचारत, ती इंग्लिशमध्ये उत्तर देई, आणि दोघंही अर्ध्यावर थांबत. शेवटी सापानेच वाट काढून दिली. तो स्वयंपाकघरात दिसला तर मी घर सोडून शिकागोत, देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर खोली घेऊन राहीन, असं बजावून शरयूने, लतिकाच्या आईने, परवानगी दिली.

संजीव लगेच पिल्लू आणायला निघाला होता. अण्णांनी लेकाला थांबवलं. आधी ऊब, मग साप.

काचेच्या टाकीबरोबर दुकानदाराने विजेवर तापणारा एक नकली दगड दिला होता. अण्णांनी त्यावर तळहात ठेवला आणि आकडे मोजायला लागले. वीसला हात उचलला.

"मला कळलं म्हणून मी उचलला," ते म्हणाले. "सापाला पोट भाजल्याचं फार उशिरा कळतं. हा नको."

मग त्यांनी संजीवचा कंबर शेकायचा पॅड मागून घेतला. टाकी लाकडी पट्ट्यांवर उचलून पॅड एका टोकाखाली सरकवला, सगळ्यात मंद आचेवर. दोन्ही टोकांना एकेक थर्मामीटर आणि लपायला चहाचं एकेक रिकामं खोकं.

"सगळ्या टाकीखाली का नाही?" लतिकाने विचारलं. इंग्लिशमध्येच.

"त्याला स्वतःची ऊब नसते, बाळा. तो ती उसनी घेतो. घरात ऊनही हवं आणि सावलीही. कुठे बसायचं ते त्याचं तो ठरवेल."

रिकाम्या टाकीचं तापमान दोघांनी दोन दिवस बघितलं. गरम टोकाला पंच्याऐंशी फॅरनहाइट, गार टोकाला पंचाहत्तर. मगच सुतळीएवढं नारिंगी पिल्लू घरी आलं. लतिकाने त्याचं नाव ठेवलं शेवई. तिचे प्रश्न संपत नसत, आणि उत्तरं मराठीतच मिळत असल्यामुळे हळूहळू प्रश्नही मराठीत यायला लागले. आजोबा, तो डोळे का मिटत नाही? आजोबा, त्याला स्वप्नं पडतात? अण्णा सकाळी उठत ते आज ती काय विचारेल याची वाट बघत.

अमेरिकेतल्या प्लगना शेजारी बटणं नसतात, याचं अण्णांना नवल वाटे. प्लग खुपसला की वीज सुरू. लतिकाच्या खिडकीखालचा प्लग मोकळा होता, तिथेच त्यांनी पॅड जोडला होता. भिंतीवरच्या दिव्यांची बटणंही इथे उलटी, वर म्हणजे सुरू. ते अंगवळणी पडायला त्यांना पंधरा दिवस लागले. निघताना घरभर फिरून बटणं बंद करायची सवय मात्र यवतमाळहूनच आलेली. "अण्णांना इथल्या वीज कंपनीने नोकरीवर ठेवावं," शरयू म्हणे, आणि तेही हसत.

नाताळात सगळे चार दिवसांसाठी डेट्रॉइटला, सुलेखामावशीकडे जाणार होते. आदल्या दिवशी लतिकाने शेवईला उंदराचं पिल्लू भरवलं. खाल्ल्यावर ऊब चुकवायची नाही, नाहीतर पोटातलं अन्न सडतं, हे अण्णांनीच तिला शिकवलं होतं. तिने पॅडवर हात ठेवून दोनदा खात्री केली. संजीवने घराचं हीटिंग कमी केलं. गाडी सुरू झाल्यावर अण्णा नेहमीप्रमाणे शेवटचे निघाले. लतिकाच्या खोलीत दिवा लागलेला दिसला नाही, पण दाराजवळचं बटण वर होतं. वर म्हणजे सुरू. त्यांनी ते खाली केलं.

त्या चार दिवसांत शिकागोत कधी नव्हे एवढी थंडी पडली.

परत आल्यावर लतिका बूटही न काढता खोलीत धावली. शेवई गरम टोकाच्या खोक्याबाहेर सरळ पडली होती. थर्मामीटर चव्वेचाळीसवर होता. पॅड बर्फासारखा, प्लग मात्र घट्ट बसलेला.

"तूच निघताना काहीतरी बंद केलं असशील," संजीव म्हणाला. दमलेला होता तो.

"मे बी," लतिका म्हणाली. "आय थिंक मीच केलं, बाबा."

अण्णा दारात उभे होते. बटण त्यांच्या खांद्याशी होतं. सगळे खाली गेल्यावर त्यांनी ते वर केलं आणि जाऊन पॅडवर तळहात ठेवला. वीस मोजले, चाळीस मोजले. हाताला ऊब लागली.

बटण तसंच वर ठेवलं असतं तर कुणालाही कधी कळलं नसतं.

त्यांनी लतिकाला हाक मारली, बटणापाशी नेलं, खालीवर करून दाखवलं. "हे दिव्याचं नाही, त्या खिडकीखालच्या प्लगचं आहे. मी बंद केलं. तू काहीही चुकली नाहीस."

तिने बटणाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "त्याला दुखलं असेल?"

पस्तीस वर्षांत त्यांनी मुलांना फार कमी वेळा दिलेलं उत्तर त्यांना द्यावं लागलं. "मला माहीत नाही, बाळा."

जमीन दगड झाली होती, खड्डा खणता येईना. शेवईला बुटांच्या खोक्यात घालून थंडगार गॅरेजमध्ये ठेवलं. त्यानंतर लतिका आजोबांशी नीट वागली. जेवायला बोलवायची, चष्मा आणून द्यायची, थँक यू म्हणायची. पाहुण्यांशी वागतात तसं. तिने त्यांना काही म्हणजे काही विचारलं नाही. अण्णा रोज सकाळी उठून वाट बघत.

फेब्रुवारीच्या शेवटी ते परत निघाले. विमानतळावर संजीव सामान देत असताना लतिका शेजारी उभी राहिली.

"आजोबा, माती कधी मऊ होते?"

अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून तिच्याएवढे खाली वाकले.

"मार्च संपता संपता. पण वरून फसवते हं. वर चिखल आणि खाली बर्फ असतो. रोज एक पेन्सिल टोचून बघायची. अख्खी आत गेली, की मग खणायचं."

"अख्खी," ती म्हणाली.

"अख्खी. घाई करायची नाही."

तिने मान हलवली. त्यांनी खिशातली आपली पेन्सिल काढून तिच्या हातात दिली आणि रांगेत जाऊन उभे राहिले.